'फाइंड' म्हणजे 'शोधणे' नव्हे! इंग्रजी क्रियापदांचा गोंधळ मराठीतूनच सुटेल



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सहावीला इंग्रजीचा तास चालू होता. या तासाला जमेल तेवढं इंग्रजीतच बोलायचं, चुकलं तरी चालेल, असा नियम मी केला होता. तास सुरू होऊन पाच मिनिटं झाली तरी एक मुलगी दप्तरात हात घालून काहीतरी चाचपडत होती. मी विचारलं, "व्हॉट आर यू डुइंग?" ती उभी राहिली आणि धीर करून म्हणाली, "बाई, आय ॲम फाइंडिंग माय पेन."

मला हसू आलं. वर मी म्हणाले, "अगं, सापडतोय ना? मग बस की खाली!" सगळा वर्ग हसला. ती बसली. पुढे दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ती माझ्या तासाला इंग्रजीत एक वाक्य बोलली नाही. विचारलं की मान खाली. "चुकलं तरी चालेल" हा नियम माझा, आणि तो मोडणारीही मीच.

सुट्टीनंतर वह्या तपासताना तिची शब्दसंग्रहाची वही हातात आली. सुंदर अक्षर, समास आखलेला. त्यात लिहिलेलं होतं, 'फाइंड – शोधणे'. चार ओळी खाली 'सी – पाहणे', 'लुक – पाहणे', 'वॉच – पाहणे'. अक्षर तिचं होतं, पण अर्थ माझे होते. मीच ते फळ्यावर लिहून दिले होते. तिनं माझ्यावर विश्वास ठेवून वाक्य केलं, "मी पेन शोधतेय", म्हणजे 'आय ॲम फाइंडिंग माय पेन'. तिच्या हिशेबात एकही चूक नव्हती. चूक माझ्या फळ्यावर होती.

त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली आहे आणि तीच आज तुमच्यापुढे मांडायची आहे. आपल्या मुलांचा इंग्रजी क्रियापदांमध्ये होणारा गोंधळ हा बहुतेक वेळा त्यांच्या मराठीमुळे होत नाही. तो आपण मराठी नीट न वापरल्यामुळे होतो. जो फरक इंग्रजीत शिकवायला आपण धडपडतो, तो पुष्कळदा मुलाच्या मराठीत आधीच असतो. आपण 'बरोबर'चं चिन्ह टाकून एका शब्दाला एक अर्थ चिकटवतो आणि तो फरक पुसून टाकतो.

शोधणे आणि सापडणे

'फाइंड'चंच बघा. 'शोधणे' हा अर्थ माझ्याकडे आला कुठून? सूचनांमधून. स्वाध्यायात 'फाइंड द ऑड वन आऊट' असतं आणि आपण सांगतो, "वेगळा शब्द शोधा." तिथं ते चालून जातं, कारण आपल्याला शोधून मिळालेलं उत्तरच हवं असतं. पण तोच अर्थ उचलून वहीत लिहिला की घोटाळा होतो. 'फाइंड' म्हणजे सापडणं. शोधणं म्हणजे 'लुक फॉर'.

आता मला सांगा, पहिलीतल्या तरी कोणत्या मराठी मुलाला शोधणं आणि सापडणं यातला फरक कळत नाही? लपाछपी खेळणारं प्रत्येक पोर तो जाणतं. ज्याच्यावर राज्य आहे तो शोधतो. सापडला की गडी बाद. शोधणं आणि सापडणं एकच असतं, तर तो खेळच उरला नसता!

मी आणि मला

मग मी अशा गोंधळाच्या जोड्या कागदावर मांडायला बसले आणि एक गंमत लक्षात आली. मराठीत यातल्या बऱ्याच जोड्यांमध्ये एक क्रियापद 'मी'बरोबर येतं आणि दुसरं 'मला'बरोबर.

मी बघते – 'लुक'. मला दिसतं – 'सी'.
मी लक्ष देऊन ऐकते – 'लिसन'. मला ऐकू येतं – 'हिअर'.
मी शोधते – 'लुक फॉर'. मला सापडतं – 'फाइंड'.
मी उठते – 'गेट अप'. मला जाग येते – 'वेक अप'.
मी झोपायला जाते – 'गो टू बेड'. मला झोप लागते – 'फॉल असलीप'.

एका बाजूला आपण मुद्दाम करतो ते काम, दुसऱ्या बाजूला आपल्याला घडतं ते. मराठी हा फरक 'मी' आणि 'मला'मध्येच दाखवून टाकते. हिंदीतही 'मैं देखता हूँ' आणि 'मुझे दिखता है' असं आहेच. इंग्रजीत मात्र दोन्हीकडे 'आय'च येतो. 'आय लुक', 'आय सी'. कर्ता बदलत नाही, म्हणून फरकाचा सगळा भार क्रियापदावर पडतो. शब्दकोड्यासारख्या याद्या पाठ करण्यापेक्षा एवढी एक गोष्ट मुलांना दाखवली, तर पाच जोड्या एका तासात बसतात.

पडताळून बघायला एक सोपी कसोटी आहे. मी वर्गात तिला 'पण'ची कसोटी म्हणते. दोन्ही क्रियापदं एका वाक्यात घालायची आणि मध्ये 'पण' टाकायचा.

"मी पेन शोधला, पण मला सापडला नाही." 'आय लुक्ड फॉर माय पेन, बट आय कुडन्ट फाइंड इट.'

"मी फळ्याकडे बघितलं, पण मला काहीच दिसलं नाही." 'आय लुक्ड ॲट द बोर्ड, बट आय कुडन्ट सी एनिथिंग.'

"मला पाचला जाग आली, पण मी सहाला उठले." 'आय वोक अप ॲट फाइव्ह, बट आय गॉट अप ॲट सिक्स.'

हे शेवटचं वाक्य थंडीच्या दिवसांत करून घ्या. पोरं पोट धरून हसतात, कारण ती गोष्ट त्यांचीच असते. 'पण' घालून वाक्याला अर्थ राहतो, म्हणजे ही दोन कामं वेगळी आहेत, हे मुलांना आपोआप पटतं. 'वेक अप – उठणे, गेट अप – उठणे' असं वहीत लिहून घेतलेल्या मुलाला हे वाक्य करताच येणार नाही. त्याचं मराठी वाक्य होईल, "मी पाचला उठलो, पण मी सहाला उठलो."

यात आणखी एक जागा सांभाळायची. "मला फळा दिसतोय" याचं मुलं 'आय ॲम सीइंग द बोर्ड' करतात आणि "बाई, मला ऐकू येत नाहीये" याचं 'आय ॲम नॉट हिअरिंग'. दिसणं आणि ऐकू येणं या अर्थानं इंग्रजी इथे सहसा 'इंग' लावत नाही. 'आय कॅन सी द बोर्ड', 'आय कान्ट हिअर यू' असं म्हणतात. म्हणजे मराठीनं अर्ध्या वाटेपर्यंत सोबत केली, पुढचं अर्धं आपण शिकवायचं. दुसरा सापळा म्हणजे 'मला'चं 'टू मी' होणं. त्यासाठी आधीच सांगून ठेवायचं की 'मी' असो की 'मला', इथे इंग्रजीत 'आय'च.

आणि 'वॉच'? तो 'बघणे'चाच एक प्रकार, पण जे चाललंय, हलतंय, त्याच्याकडे लक्ष ठेवून बघत राहणं. क्रिकेटची मॅच, टीव्हीवरचं कार्टून, भांड्यातलं दूध उतू जाऊ नये म्हणून त्याच्याकडे बघत उभं राहणं. आईनं "दुधाकडे बघ हं" म्हटलं की ते 'वॉच द मिल्क'. नुसतं 'लुक' केलं तर दूध गेलंच!

'यूज्ड टू'ची दोन तोंडं

सातवी-आठवीच्या मुलांना, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही, छळणारी जोडी म्हणजे 'आय यूज्ड टू' आणि 'आय ॲम यूज्ड टू'. दिसायला एका 'ॲम'चा फरक. पण इथेही मराठीत 'मी' आणि 'मला' मदतीला येतात.

"मी पहाटे उठायचे." पूर्वी उठत होते, आता नाही. 'आय यूज्ड टू गेट अप अर्ली.'

"मला पहाटे उठण्याची सवय आहे." आजही आहे. 'आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली.'

पहिल्यात 'गेट' आणि दुसऱ्यात 'गेटिंग' का? तेही मराठीतच लपलेलं आहे. "मला थंडीची सवय आहे", "मला गर्दीची सवय आहे" अशी वाक्यं घ्या. सवय नेहमी कशाची तरी असते, म्हणजे तिथे नाम लागतं. क्रियापद आलं तर त्याचंही नाम करावं लागतं. उठणे, म्हणून उठण्याची. इंग्रजीत क्रियापदाचं नाम 'इंग' लावून होतं. म्हणून 'गेटिंग'. हे एकदा मुलांना "कशाची सवय?" असा प्रश्न विचारून दाखवा. नियम पाठ करायची गरज उरत नाही.

घालतोय की घातलाय?

थंडीत एक मुलगा स्वेटर घालून वर्गात बसला आहे. इंग्रजीत काय म्हणायचं? मुलं म्हणतात, 'ही इज पुटिंग ऑन अ स्वेटर'. कारण वहीत 'पुट ऑन – घालणे' आणि 'वेअर – घालणे'.

पण मराठीत आपण त्याच्याकडे बघून "तो स्वेटर घालतोय" म्हणतो का? नाही. "त्यानं स्वेटर घातलाय" म्हणतो. 'घालतोय' म्हणजे अजून एक बाही राहिली आहे. 'घातलाय' म्हणजे काम झालं आणि स्वेटर अंगावर आहे. 'घालतोय'ला 'पुटिंग ऑन', 'घातलाय'ला 'वेअरिंग'. तसंच 'बसतोय' म्हणजे 'सिटिंग डाऊन', 'बसलोय' म्हणजे 'सिटिंग'. "मी बाकावर बसलोय" याचं मुलं 'आय सॅट ऑन द बेंच' करतात, कारण 'बसलो' हा त्यांना भूतकाळ वाटतो. त्यांना विचारा, "आता बसलेला आहेस ना? मग आत्ताचंच सांग." लगेच सुधारतात.

हे वर्गात अभिनयानं करायला फार छान जातं. एक मुलगा स्वेटर घालायला सुरुवात करतो, बाकीचे ओरडतात 'पुटिंग ऑन'. डोकं बाहेर आलं, बाह्या नीट झाल्या की 'वेअरिंग'. खर्च शून्य, साहित्य एक स्वेटर.

म्हणणे, सांगणे, बोलणे

'से', 'टेल', 'टॉक', 'स्पीक' या चौघांना कितीतरी मार्गदर्शकांत 'बोलणे' किंवा 'सांगणे' असे अर्थ दिलेले असतात. मराठीत मात्र तीन शब्द तयार आहेत. म्हणणे म्हणजे 'से', सांगणे म्हणजे 'टेल', बोलणे म्हणजे 'टॉक' किंवा 'स्पीक'. "तो म्हणाला की उद्या सुट्टी आहे." "त्यानं मला गोष्ट सांगितली." "तो बाईंशी बोलत होता." यातल्या क्रियापदांची अदलाबदल करून बघा, मराठी वाक्यंच कानाला खटकतील. तेच कान इंग्रजीला वापरायचे.

इथे मराठी सगळीच मदत करते असं मात्र नाही. "मला सांग" याचं मुलं 'टेल टू मी' करतात, तिथे नुसतं 'टेल मी' हवं. उलट "मला समजावून सांगा" याला 'एक्सप्लेन मी' चालत नाही, 'एक्सप्लेन इट टू मी' लागतं. आणि आपल्याकडे कविताही म्हणतात, पाढेही म्हणतात, गाणंही म्हणतात. म्हणून परिपाठाला उभी राहिलेली मुलगी 'आय विल से अ पोएम' म्हणते. तिला 'रिसाइट' शिकवायचा. पण आधी कबूल करायचं की तुझं 'से' कुठून आलं ते मला कळलं. तुझी मराठी बरोबर आहे, इंग्रजीत इथे वेगळा शब्द आहे. एवढं वाक्य शिक्षकानं म्हटलं, की चूक ही लाज न राहता माहिती होते.

जिथे मराठीत एकच शब्द आहे

आता दुसरी बाजू. काही ठिकाणी आपल्याकडे एकच शब्द आहे आणि इंग्रजीत चार. 'बंद करणे' घ्या.

दार बंद कर – 'क्लोज द डोअर'.
पंखा बंद कर – 'स्विच ऑफ द फॅन'.
नळ बंद कर – 'टर्न ऑफ द टॅप'.
बडबड बंद कर – 'स्टॉप टॉकिंग'.

'क्लोज द फॅन' हे वाक्य आपल्या शाळांतून रोज ऐकू येतं. त्यावर हसणारेही रोज भेटतात. पण मराठीत चारही ठिकाणी 'बंद कर'च आहे, तर मुलाला वेगळं कळणार कसं? इथे 'मी-मला' चालणार नाही. इथे वस्तूकडे बघायचं. ज्याला झाकण, पान किंवा दार आहे ते 'क्लोज', म्हणून डबा, पुस्तक, खिडकी. ज्याला बटण आहे ते 'स्विच ऑफ'. नळाला बटण नसतं, तो पिळायचा असतो, म्हणून 'टर्न ऑफ'. पंखा आणि दिव्यालाही 'टर्न ऑफ' चालतं, पण नळाला 'स्विच ऑफ' चालत नाही. जे चालू आहे ते थांबवायचं तर 'स्टॉप'. वर्गातल्या वस्तूंना हात लावत लावत हा खेळ घ्या, दहा मिनिटं पुरतात.

'करणे'ची तीच तऱ्हा. चहा करतो, अभ्यास करतो, चूक करतो, आवाज करतो. ढोबळ वाट अशी की आधी नव्हतं ते नवं तयार झालं तर 'मेक', काम पार पाडलं तर 'डू'. चहा, पोळी, कागदाची होडी, आवाज हे 'मेक'. गृहपाठ, व्यायाम, भांडी हे 'डू'. चूकसुद्धा आधी नव्हती, आपण ती तयार केली, म्हणून 'मेक अ मिस्टेक'! ही वाट सगळीकडे पोचत नाही. अंथरूण नीट करण्याला इंग्रजीत 'मेक द बेड' म्हणतात, तिथे नवं काही तयार होत नाही. अशा चार-दोन जागा तशाच लक्षात ठेवायच्या आणि मुलांना तसं प्रामाणिकपणे सांगायचं.

छोटा शब्द, मोठा घोळ

आता 'लुक'चं कुटुंब. 'लुक ॲट', 'लुक फॉर', 'लुक आफ्टर', 'लुक फॉरवर्ड टू'. अशा क्रियापदांच्या पन्नास-शंभरच्या याद्या आपण मुलांकडून पाठ करून घेतो. मुलं पाठ करतात, परीक्षेत जोड्या लावतात आणि आठवड्यानं विसरतात. त्यात त्यांचा दोष नाही. इंग्रजीचे मोठे कोशकार सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवून ठेवलं आहे की क्रियापदाला छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची ही पद्धत परक्या माणसाला सर्वांत अवघड जाते. लंडनमधल्या कोशकाराला जे मान्य होतं, ते आपण सहावीतल्या पोराला का मान्य करू नये?

पण इथेही पोराजवळ शिदोरी आहे. फळ्यावर 'वाट' हा शब्द लिहा. वाट बघणे, वाट लावणे, वाट चुकणे, कुणाच्या वाटेला जाणे. दुसरीतलं मूलसुद्धा या चारही गोष्टी बिनचूक वापरतं. "मी आजीची वाट बघतोय" म्हणताना ते रस्त्याकडे टक लावून बसलेलं नसतं. आता 'मारणे' घ्या. हाक मारतो, उडी मारतो, गप्पा मारतो, शिक्का मारतो. कोणी परदेशी माणूस 'मारणे – हिट' एवढंच पाठ करून आपल्या गावात आला, तर "पारावर गप्पा मारत बसलेत" ऐकून पोलिसांना बोलावेल!

मुलं यावर खूप हसतात. त्या हसण्यातच त्यांना कळतं की दोन शब्द एकत्र आले की अर्थ तिसराच होऊ शकतो, आणि ही इंग्रजीचीच खोड नाही, आपलीही आहे. मग मी एका दिवशी एकच कुटुंब घेते, आणि तेही याद्यांनी नाही, प्रसंगांनी. "फळ्याकडे बघा" मध्ये 'कडे' आहे, म्हणून 'लुक'नंतर 'ॲट' विसरायचा नाही. "मी बाजारात जाऊन येते, बाळाकडे बघ" मध्येही 'कडे'च आहे, पण आई नुसतं बघत बसायला सांगत नाही, सांभाळायला सांगते, म्हणून 'लुक आफ्टर'. "बसची वाट बघतोय" म्हणजे 'वेट फॉर'. "सहलीची वाट बघतोय" म्हणजे मनातून आनंद आहे, म्हणून 'लुक फॉरवर्ड टू'. चार प्रसंग, चार वाक्यं, तास संपला. उरलेली सेहेचाळीस राहू देत.

"पण इंग्रजीच्या तासाला मराठी?"

हा आक्षेप मला ठाऊक आहे. प्रशिक्षणांत आपण ऐकलंय, पालकही म्हणतात की इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवा. यामागचा विचार मला पूर्ण पटतो. मुलाच्या कानावर इंग्रजी पडलं पाहिजे, भरपूर पडलं पाहिजे. आपल्या आजोबांच्या पिढीनं तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी घोटली. त्यातल्या पुष्कळांना इंग्रजी वाचता आली, लिहिता आली, पण बोलायची वेळ आली की जीभ अडायची. त्या काळात परत जायचं नाही.

पण आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी पाचवीपासून असायची. म्हणजे आज शिकवणाऱ्यांपैकी माझ्या वयाचे आपण बहुतेक जण स्वतः पाचवीत एबीसीडी गिरवलेले. डीएड करून वर्गात उभे राहिलो आणि सहा वर्षांच्या मुलांना इंग्रजी शिकवू लागलो. आपल्यालाच 'फाइंड'चा अर्थ याद्यांतून मिळाला होता, तोच आपण पुढे दिला. "फक्त इंग्रजी" असा हट्ट धरला, तरी आपण आणि मुलं डोक्यात भाषांतर करतच असतो, फक्त चुपचाप. चुपचाप केलेलं चुकीचं भाषांतर कोणी दुरुस्त करत नाही. उघड केलेलं दुरुस्त होतं. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ मध्येही मुलांच्या बहुभाषिकतेला अडचण न मानता वर्गातलं साधन मानलं आहे. साधन म्हटल्यावर ते कपाटात ठेवून कसं चालेल?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. मराठी शिडीसारखी वापरा. फरक समजेपर्यंत मराठी, समजला की इंग्रजीत सराव. वीस मिनिटं "मी शोधतो, मला सापडतं", आणि मग पुढचा आठवडाभर रोज कुणाचा तरी डस्टर लपवून 'व्हॉट आर यू लुकिंग फॉर? डिड यू फाइंड इट?' असा खेळ. माळ्यावर चढलो की शिडी डोक्यावर घेऊन फिरत नाही आपण. पण शिडीच काढून घेतली, तर उंच उडी मारणारी दोन-चार पोरंच वर पोचतात आणि बाकीची खाली उभी राहतात. ती खाली राहिलेली बहुतेक ज्यांच्या घरी इंग्रजी विचारायला कोणी नाही अशीच असतात. मला काळजी त्यांची आहे.

आणि मराठी म्हणजे पुस्तकातलीच मराठी असंही नाही. कोल्हापूरकडचं पोर "पेन गावला" म्हणेल, नागपूरकडचं "पेन भेटला" म्हणेल. म्हणू द्या. त्याच्या बोलीत शोधणं आणि गावणं वेगळं आहे ना? मग 'फाइंड'समोर त्यानं 'गावणे' लिहिलं तरी माझ्या मते ते 'शोधणे'पेक्षा शंभर पटीनं बरोबर आहे.

उद्याच्या तासाला एवढं करून बघा

शब्दसंग्रहाच्या वहीत क्रियापदाचा एकशब्दी अर्थ लिहून देणं बंद करा. त्याऐवजी एक छोटं मराठी वाक्य आणि त्याचं इंग्रजी वाक्य लिहून द्या. गोंधळाच्या दोन क्रियापदांचं 'पण' घालून एक वाक्य मुलांकडूनच तयार करून घ्या. आठवड्याला एकच जोडी घ्या. आणि मूल चुकलं की आधी विचारा, "हे तू मराठीत कसं म्हटलं असतंस?" उत्तरात त्याच्या चुकीचं कारण नव्वद टक्के वेळा सापडतं, असा माझा अनुभव आहे. पुष्कळदा ते कारण आपल्याच फळ्यावर असतं.

त्या मुलीचं सांगायचं राहिलं. वह्या वाटल्या त्या दिवशी मी फळ्यावर 'फाइंड – शोधणे' लिहिलं, त्यावर काट मारली आणि वर्गाला सांगितलं, "हा अर्थ मी तुम्हाला चुकीचा दिला होता. त्या दिवशी हसण्यासारखं काही नव्हतं." सांगायला जड गेलं, खोटं कशाला बोलू? ती काही बोलली नाही. तिनं फक्त वहीत पट्टी धरून त्या ओळीवर सरळ रेघ मारली आणि खाली नवीन वाक्य लिहिलं. पुढे जानेवारीत कधीतरी मी टेबलावर चष्मा चाचपत होते, तेव्हा पहिल्या रांगेतून आवाज आला, "बाई, आर यू लुकिंग फॉर युवर स्पेक्स?"

चष्मा माझ्या डोक्यावर होता. त्या दिवशी वर्ग पुन्हा हसला, पण यावेळी माझ्यावर. मला बरं वाटलं.

तुमच्याही वर्गात अशी एखादी गप्प झालेली मुलगी, एखादा मुलगा असेल. एकदा त्याची वही उघडून बघा. समासाच्या शेजारी, सुंदर अक्षरात, आपलीच चूक लिहिलेली सापडेल.